मणी : काढण्यापासून करण्यापर्यंत

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या उजव्या खणात टॉनिकची एक जुनी, रुंद तोंडाची बाटली आहे. गेल्या तीस वर्षांत लहान मुलांच्या नाकांतून आणि कानांतून मी जे जे बाहेर काढले, त्यातील टिकाऊ ऐवज तिच्यात साठला आहे. वाटाणे, हरभरे आणि शेंगदाणे कुजतात, म्हणून ते टाकून द्यावे लागले. खोडरबराचे तुकडे आहेत, चिंचोका आहे, बाहुलीच्या पायातला एक बूट आहे; पण सर्वांत अधिक भरणा आहे तो मण्यांचा. लाल, निळे, मोतिया, सोनेरी. (बटणाच्या आकाराचे सेल मी या बाटलीत ठेवीत नाही. तो वेगळा आणि फार घाईचा विषय आहे. नाकात वा अन्ननलिकेत अडकलेला सेल काही तासांत आतील अस्तर जाळतो.) बाटलीच्या अगदी तळाशी एक पांढरा मणी आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

असा मनुष्य पन्नाशीनंतर स्वतःच मणी करू लागला, तर समव्यवसायी मित्रांनी थट्टा करणे साहजिकच आहे. "रोग्यांची सोय घरीच केलीस," असे आमच्या एका कान-नाक-घसातज्ज्ञ मित्राने म्हटले. कोणी हा बायकी छंद म्हणूनही नाक मुरडले. स्मरणिकेच्या संपादकांनी मात्र यंदा लसीकरणावर न लिहिता याच विषयावर लिहा, असे सांगितले आणि मी ते आनंदाने मान्य केले. लसीकरणावर मी या पानांतून पुष्कळदा लिहिले आहे आणि ते कितीजणांनी वाचले, याची मला कल्पना आहे.

आमची कन्या शिक्षणासाठी पुण्यास गेली, तेव्हा तिचे कपाट आवरताना रंगीत मातीची पाच-सहा पाकिटे मिळाली. एक-दोन अर्धवट वापरलेली, बाकीची तशीच. फोनवरून विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ती पॉलिमर क्ले आहे. टाकून द्या, आता दगड झाली असेल." दगड झालीच होती. पण टाकून देण्याआधी सहज एक तुकडा तळहातावर मळू लागलो आणि पाचेक मिनिटांनी तो मऊ पडू लागला. दुसऱ्या, अधिक निबर तुकड्यात दवाखान्यातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब घातला, तर तोही वळला. त्या रात्री मी बारा मणी केले. ते सर्व वाया गेले. पण ते कसे, हे यथावकाश.

प्रथम ही वस्तू म्हणजे काय ते समजून घेऊ. हिला माती म्हणत असले तरी तिच्यात कुंभाराच्या मातीचा अंश नसतो. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आपल्या परिचयाच्या पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य, थोडी भर घालणारी पूड आणि रंग, असा हा गोळा. कुंभाराची माती पाणी उडून वाळते, आकसते, तडकते. येथे पाणीच नाही, त्यामुळे उघडी ठेवली तरी ही माती त्या अर्थाने वाळत नाही आणि भाजल्यावर जवळजवळ मुळीच आकसत नाही. उष्णता दिली की ते मऊ ठेवणारे द्रव्य कणांत शिरते, कण फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. गृहिणींना हे साबुदाण्यावरून लगेच कळेल. भिजलेला साबुदाणा मोकळा असतो. वाफ लागली की दाणा फुगून पारदर्शक होतो आणि शेजाऱ्याला चिकटतो. मात्र साबुदाण्याची खिचडी गोळा झाली तर बिघडली म्हणायचे. येथे गोळा झाला तरच साधले.

या मातीचा जन्म बाहुल्यांच्या घरात झाला, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला विशेष वाटते. जर्मनीत केटे क्रूझ या बाईंची बाहुल्यांची प्रसिद्ध कार्यशाळा होती. बाहुल्यांच्या डोक्यांसाठी नवे द्रव्य म्हणून 1939च्या सुमारास हे प्लास्टिक त्यांच्याकडे आले. कार्यशाळेच्या कामास ते उतरले नाही. त्यांची मुलगी सोफी, घरातले नाव फिफी, हिने मात्र त्याच्याशी खेळता खेळता त्यातून हस्तकलेची माती सिद्ध केली. 1960च्या दशकात एका मोठ्या पेन्सिल कंपनीने ती घेतली आणि 'फिमो' या नावाने बाजारात आणली. नावातला 'फि' तो फिफीचा. त्याच दशकात अमेरिकेत 'स्कल्पी' निघाली. आज या दोन्ही आपल्याकडे हस्तकलेच्या मोठ्या दुकानांत आणि इंटरनेटवरून मागवता येतात.

येथे एक गैरसमज दूर करतो. नळाच्या दुरुस्तीची एम-सील किंवा भित्तिचित्रांसाठी वापरतात ती शिल्पकार ही माती वेगळी. ती दोन भाग एकत्र मळून रासायनिक क्रियेने आपोआप घट्ट होणारी इपॉक्सी होय; मळल्यावर तुमच्याजवळ ठरावीकच वेळ असतो. हवेत वाळणारी पांढरी मातीही वेगळी. पॉलिमर क्लेचा मोठा गुण हा की, भट्टीत घालीपर्यंत ती तुमची वाट पाहते. मणी वळता वळता तापाने फणफणलेले मूल आले, तर ताटलीवर झाकण ठेवून जावे आणि रात्री किंवा पुढच्या रविवारी येऊन तिथूनच पुढे सुरू करावे. आपल्यासारख्यांना, ज्यांचा वेळ आपला स्वतःचा नसतो, त्यांना याहून सोयीचा छंद मला माहीत नाही.

डॉक्टर वाचकांच्या मनात थॅलेट्सचा प्रश्न आला असेल. सलाइनच्या नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या मऊ ठेवणारी जी द्रव्ये, त्यांच्याच जातीची द्रव्ये या मातीतही पूर्वी असत. मुलांच्या खेळण्यांतील थॅलेट्सवर युरोपात 2007पासून आणि अमेरिकेत 2008च्या कायद्याने निर्बंध आले. नामवंत कंपन्यांनी ती आता वगळली आहेत. तरी पाकिटावर तसे लिहिलेले पाहूनच घ्यावे, नाव-गाव नसलेली स्वस्त पाकिटे घेऊ नयेत. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. या कामास लागलेले लाटणे, सुरी, ताटली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. आणि या मातीचे पेले, वाट्या, चमचे कधीही करू नयेत. मणी करावेत.

सुरुवातीच्या खरेदीत हात आखडता घ्यावा. लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा, असा प्रत्येकी एक ठोकळा पुरे. पांढरा दोन आणावेत, कारण तो सर्वांत मिसळावा लागतो. बाकीचे रंग शाळेत शिकलो तसे मिश्रणाने होतात. साधारण 57 ग्रॅमच्या एका ठोकळ्यात 12 मिलिमीटरचे तीसएक मणी बसतात. हत्यारे घरातच असतात. लाटण्यासाठी गुळगुळीत काचेची बाटली लाकडी लाटण्याहून बरी, कारण लाकडाच्या रेषा मातीवर उमटतात. काम करायला एक पांढरी, चकचकीत लादी; तीच पुढे भट्टीतही जाते. कापण्यासाठी जे लांब, पातळ, लवचीक पाते या छंदात वापरतात, त्याचे इंग्रजी नाव 'टिश्यू ब्लेड' आहे. ते मुळात आपल्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींचे, ऊतींचे काप घेण्याचे. हे कळल्यावर मला या छंदात परकेपणा उरला नाही. भोक पाडण्यासाठी विणकामाची बारीक सुई चालते. मी मुदत संपलेली, न वापरलेली 18 गेजची लांब सुई घेतो.

आता कृती. माती कितीही ताजी असली तरी आधी मळून घ्यावी लागते. कंटाळा करू नये. न मळलेल्या मातीचे मणी वरून चांगले दिसतात आणि भाजल्यावर ठिसूळ निघतात. चिमूटभर माती घ्यावी, वळकटी करावी, दुमडावी, पुन्हा वळकटी करावी. वळकटी वाकवली असता न तुटता नुसती वाकली की माती तयार झाली. पांढऱ्यापासून सुरुवात करून काळ्याकडे जावे, उलट नाही. लाल रंग बोटांच्या रेषांत बसतो आणि मग पुढचे सगळे पांढरे मणी गुलाबी होतात.

सगळे मणी सारखे यावेत म्हणून अंदाजाने चिमटे घेऊ नयेत. मातीची एकसारख्या जाडीची लांब वळी करावी, शेजारी पट्टी ठेवावी आणि पात्याने समान अंतरावर तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा दोन तळहातांत, प्रथम जरा जोराने आणि मग अगदी हलक्या हाताने गोल फिरवावा. शेवटचे चार-पाच फेरे जवळजवळ दाब न देता. मण्याचे रूप त्या शेवटच्या फेऱ्यांत येते.

भोक पाडण्याची एक युक्ती आहे आणि ती मी बरेच मणी बिघडवून शिकलो. वळल्याबरोबर सुई खुपसली तर मणी चपटतो. तासभर थंड जागी राहू द्यावा. मग सुई दाबण्याऐवजी दोन बोटांत फिरवत फिरवत आत न्यावी. दुसऱ्या बाजूला टोकाचा उंचवटा दिसू लागला की थांबावे, सुई बाहेर काढावी आणि त्या उंचवट्यावरून उलट दिशेने आत यावे. अशाने दोन्ही तोंडे स्वच्छ राहतात. लहान मुलाची शीर शोधताना आपण जसा श्वास रोखतो, तसा येथेही नकळत रोखला जातो. फरक इतकाच, की येथे कोणी रडत नाही.

भाजण्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण नवख्यांचे निम्मे मणी येथेच जातात. भट्टी म्हणजे घरातला ओटीजी. मायक्रोवेव्ह नव्हे, कधीही नव्हे. फिमोच्या पाकिटावर 110 अंश सेल्सिअस आणि अर्धा तास असे लिहिलेले असते, स्कल्पीच्या बहुतेक प्रकारांवर 130 अंश. आपल्या पाकिटावरचा आकडा पाहावा. पण खरी अडचण निराळीच असते : ओटीजीच्या खुंटीवरचा आकडा आणि आतले तापमान यांचा मेळ असेलच असे नाही. माझ्या ओटीजीत पंधरा अंशांचा फरक निघाला. म्हणून भट्टीत ठेवायचा साधा तापमापक आधी विकत घ्यावा, माती नंतर. काखेतला ताप आणि तोंडातला ताप यांतला फरक जन्मभर आयांना समजावून सांगणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते.

ते सुचले नाही, म्हणून पहिले बारा मणी गेले. जळतील या भीतीने मी ते कमी आचेवर, थोडाच वेळ ठेवले. दिसायला सुरेख होते. ओवताना चिमटीतला मणी फुटला, मग दुसरा फुटला. कमी भाजलेल्या मातीत कण नुसते शेजारी शेजारी बसलेले असतात, एकजीव झालेले नसतात. दुसऱ्या खेपेस मी सूड उगवल्यासारखी खुंटी फिरवली आणि घरभर उग्र वास पसरला. तापमान फार चढले, पावणेदोनशे अंशांच्या आसपास गेले, की पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू सुटतो. असे झाले तर ओटीजी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, घरातल्या दमेकऱ्यांना बाहेर काढावे आणि धूर जाईपर्यंत आपणही बाहेर थांबावे. आमच्या सौ. त्याच ओटीजीत नानखटाई करीत असत. त्या दिवसापासून माझ्यासाठी एक लहान, जुना ओटीजी गच्चीवरच्या खोलीत गेला, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवसापासूनच तो वेगळा असायला हवा होता.

वेळ वाढवल्याने सहसा नुकसान होत नाही, तापमान वाढवल्याने होते. योग्य तापमानाला मी माझे मणी पाऊण तास ठेवतो. ते लोळून चपटे पडू नयेत म्हणून जाड कागदाची पंख्यासारखी घडी करून तिच्या खाचांत मांडतो. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू, म्हणजे वरची बाजू करपत नाही. प्रत्येक घाणीबरोबर त्याच मातीची एक पातळ पट्टी भाजावी. गार झाल्यावर ती वाकवून पाहावी. वाकली तर मणी पक्के. कट्‌कन तुटली तर पुन्हा भट्टीत. भाजलेली माती दुसऱ्यांदा भाजली तरी चालते. एका सर्जन मित्राने, "121 अंशच ना, मग ऑटोक्लेव्हमध्ये टाक," असे सुचवले होते. उपकरणांच्या ऑटोक्लेव्हला प्लास्टिकचा वास लावून देण्याचे धाडस मी केले नाही, कोणी करूही नये.

मण्यांना भट्टीत घालणे हे आपल्या भागाला नवे नाही. बडोद्याहून दोन तासांच्या वाटेवर खंबायत आहे. तेथे अकीकाचे मणी आजही घडतात. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने येणारे मळकट पिवळे दगड उन्हात सुकवून मातीच्या मडक्यांत सावकाश तापवतात. दगडातील लोहाचा ऑक्साइड बदलतो आणि विझलेल्या रंगाचा खडा तांबडालाल होऊन निघतो. मग लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने वरून टोले देत त्याला आकार आणायचा, आणि हिऱ्याची कणी बसवलेल्या कामट्याने भोक पाडायचे. लोथलच्या उत्खननात एस. आर. राव यांना मण्यांचा कारखानाच मिळाला, आणि सिंधू संस्कृतीतले लांबट तांबडे मणी इराकमधल्या ऊर येथील राजथडग्यांत सापडले आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरापाशी तापमापक नव्हता. तरी त्याचे मणी माझ्या पहिल्या बारांसारखे फुटले नाहीत.

पण त्या कामाची किंमतही डॉक्टरांना ठाऊक आहे. अकीक घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने खंबायतच्या कारागिरांना सिलिकोसिस होतो; अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांच्या पाहण्या केल्या आहेत. निवासी डॉक्टर असताना अशा घरातला एक बाप मी पाहिला आहे. मुलाला उचलून जिना चढताना तो तीनदा थांबला. आपल्या प्लास्टिकच्या मातीत ती धूळ तेवढी घातक नाही, तरी कोरडे घासू नये हा नियम मी तिथून घेतला. मणी गार झाले की पाण्याच्या भांड्यात बुडवून वॉटर पेपरने घासावेत. प्रथम 400 क्रमांकाचा, मग 600, 800, 1000. पाण्यात घासल्याने धूळ उडत नाही आणि झिलईही चांगली येते. शेवटी जुन्या जीनच्या कापडावर चोळले की मणी गारगोटीसारखा दिसतो. नखांचे पॉलिश लावू नये. काही प्रकारांनी भाजलेल्या मातीचा पृष्ठभाग कायमचा चिकट होतो.

साधे मणी जमले की मन नक्षीकडे जाते. येथे आपल्या अळूवडीचे, गुजराती पातऱ्यांचे तत्त्व आहे. दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करावी, ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी (दुधाच्या कप्प्यात नव्हे, झाकणाच्या डब्यात) आणि पातळ काप घ्यावेत. प्रत्येक कापात तीच चक्री दिसते. प्रत्येक कापानंतर गुंडाळी थोडी फिरवावी, नाहीतर ती एका बाजूने चेपते. पाकळ्यांच्या लांब कांड्या एका मधल्या कांडीभोवती रचल्या की फूल होते. खरी मौज पुढे : बोटाएवढी जाड ती जुडी हळूहळू ओढून, वळून पेन्सिलीएवढी केली, तरी आतले फूल तसेच्या तसे लहान होत जाते. व्हेनिसचे काचकाम करणारे हेच काचेत करीत, आणि त्यास 'हजार फुले' या अर्थाचे इटालियन नाव आहे. असे काप साध्या मण्यावर बसवून पुन्हा तळहातात फिरवले की सांधे नाहीसे होतात. मला हे जमायला वर्ष लागले. अजूनही माझी फुले झेंडूकडे झुकतात.

आता बाटलीतला तो पांढरा मणी.

1997 साली माझा दवाखाना नवा होता. दांडिया बाजारातल्या एका कुटुंबातून चौदा महिन्यांची मुलगी खोकल्यासाठी आली. बरोबर आई आणि आजी. मुलीच्या मनगटांत आपल्याकडे बांधतात तसे काळ्या-पांढऱ्या मण्यांचे दृष्टमणी होते. एका हाताचा दोरा तुटला होता. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, अकरा होते. दहाच सापडले. मी स्वतः ओवले होते." मी मुलीची छाती ऐकली. त्या क्षणी ती शांत होती, खेळत होती. मी म्हणालो, "आजी, गिळला असेल तर शीतून निघून जाईल, काळजी करू नका." आणि खोकल्याचे औषध लिहून दिले.

वस्तू श्वासनलिकेत जाऊन बसली की पहिल्या ठसक्यानंतर काही काळ सगळे शांत होते, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. आठवड्याने मुलगी ताप आणि घरघर घेऊन आली, तेव्हा मी मणी विसरलो होतो. दम्याच्या दिशेने औषधे दिली, प्रतिजैविके बदलली. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, कारण तो मणी प्लास्टिकचा होता. उच्छ्वासाच्या वेळचे किंवा कुशीवर झोपवून चित्र घेतले असते, तर उजवे फुफ्फुस हवा धरून बसले आहे हे कळले असते. मण्याला भोक असल्याने त्यातून थोडी हवा जात-येत राहिली आणि फुफ्फुस पूर्ण मिटले नाही. त्यामुळे मुलगी तगली, आणि त्यामुळेच मी तीन आठवडे फसलो. अखेर दुसऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे मी तिला पाठवले. त्यांनी औषधांची यादी बाजूला ठेवली आणि आजींना विचारले, "हे सुरू झाले त्या दिवशी काय घडले?" आजींनी पुन्हा तेच सांगितले. अकरा होते, दहाच सापडले. दुसऱ्या दिवशी ब्रॉन्कोस्कोपीने उजव्या मुख्य श्वासनलिकेतून मणी निघाला.

मुलगी बरी झाली. आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत. तो मणी कागदात बांधून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुमच्यापाशीच असू द्या."

म्हणून माझ्या छंदात मोजणीला फार महत्त्व आहे. सर्जन पोट शिवण्याआधी बोळे मोजतात, तसे मी मणी वळल्यावर, भाजल्यावर, घासल्यावर आणि ओवल्यावर मोजतो. प्रत्येक वेळी आकडा चिठ्ठीवर लिहितो. संख्या जुळेपर्यंत खोलीचे दार उघडत नाही. मागच्या दिवाळीत एक मणी दोन तास मिळेना. शेवटी माझ्याच पायजम्याच्या दुमडीत निघाला. माळ गाठवताना मोत्यांच्या सरासारखी प्रत्येक मण्यानंतर गाठ मारतो, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी सुटतो. दोरा दर वर्षी बदलावा. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी नव्हे. आपले सगळेच मणी तिच्यात सहज मावतात. तेव्हा हे मणी मोठ्यांचे आहेत हे पक्के धरावे. मोठ्या मुलांना, सात-आठ वर्षांपुढच्या, वळायला जरूर बसवावे. भट्टी मात्र आपल्या हातात.

आणि मूल वस्तू अडकून गुदमरले, त्याला खोकता वा रडता येईना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. वर्षाखालच्या बाळाला पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब. त्याहून मोठ्या मुलास पाठीवर थापा आणि मग मागून पोटावर वरच्या दिशेने दाब. तेवढ्यात कोणीतरी रुग्णवाहिका बोलवावी. खोकला थांबला आणि मूल हसू लागले, तरी मणी सापडला नसेल तर दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना तो सापडला नाही हे ठासून सांगावे. डॉक्टर तरुण असेल तर दोनदा सांगावे.

छंदाचा बोलबाला झाल्यापासून नात्यातले लोक बारशासाठी दृष्टमणी करून मागतात. मी करून देत नाही. काहींना राग येतो. त्याऐवजी बाळाच्या आईसाठी काळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ करतो. तीही बाळाला कडेवर घेताना काढून ठेवा, असे चिठ्ठीवर लिहितो आणि खाली मण्यांची संख्या लिहितो.

कच्च्या मातीबद्दल एक राहिले. बडोद्याच्या मे महिन्यात ती गाडीत किंवा खिडकीपाशी ठेवू नये. उन्हानेच अर्धवट भाजली जाते आणि मग कितीही मळली तरी वळत नाही. मेणकागदात गुंडाळून थंड कपाटात ठेवावी. कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या टाळाव्यात; मातीतले मऊ द्रव्य त्यांना खाते. मऊ, दुधी प्लास्टिकचे डबे चालतात. पाऊस सुरू झाला की काम करायला उत्तम दिवस.

रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी गच्चीवरच्या खोलीत असतो. मंडळाच्या सभासदांपैकी कोणास पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. मळायला माती आणि वाफाळता चहा दोन्ही मिळेल. नातवंडे तीन वर्षांखालची असतील, तर मात्र त्यांना खाली सौ.पाशी ठेवून वर यावे.